दोन मीटर साठ

जहाज वाळूत रुतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रिन्स्केचा वाढदिवस आला. तो करायचाच, असं अलायदाने फोनवर बजावलं.

"अगं, आम्ही नदीत अडकून पडलोय," विबे म्हणाला.

"दिसतंय मला. पुलावर उभी आहे मी. अर्ध्या नायमेगनला दिसतंय. तीन वाजता होडी पाठव. कॉफी तेवढी तू कर, बाकीचं मी आणते."

फोन ठेवून विबे सुकाणूच्या खोलीत तसाच उभा राहिला. अलायदा ही विबेच्या बायकोची, रिन्स्केची थोरली बहीण. रिन्स्केला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी अलायदा तिच्याबद्दल ती शेजारच्या खोलीत असल्यासारखी बोलायची. विबेला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

बाहेर वाल नदी उतरत होती. 'यांतिना' पोटात सोयापेंड भरून, नाक वाळूत खुपसून बसली होती. विबेच्या आईचं नाव लावलेलं ऐंशी मीटरचं जहाज. रॉटरडॅमहून जर्मनीकडे वर जाताना, शनिवारी सकाळी, नायमेगनच्या अलीकडच्या वळणावर खालून एक खरखर आली, कपाटातल्या बश्या वाजल्या आणि सगळं थांबलं. तीस वर्षांत विबेच्या पायांखाली अशी खरखर कधी आली नव्हती. टगबोटीने दुपारभर ओढून पाहिलं. नदीखात्याचा माणूस म्हणाला, मंगळवारी दुसरं जहाज बाजूला लावू, थोडा माल उपसू, मग उचललं जाईल.

"आणि तोवर पाणी आणखी उतरलं तर?" विबेने विचारलं होतं.

भरलेलं जहाज मध्येच टेकलं आणि टोकांखालचं पाणी गेलं, की लोखंडाचाही कणा मोडतो. हे दोघांनाही माहीत होतं.

म्हणून दर दोन तासांनी विबेची मुलगी निन्के मापाची काठी घेऊन जहाजाच्या कडेकडेने फिरायची. काठी पाण्यात सोडायची, आकडा ओरडायची, आणि वर सुकाणूपाशी उभा असलेला विबे तो परत म्हणायचा. जहाजावरचा नियमच तसा. पुढच्याने सांगायचं, मागच्याने परत म्हणायचं, म्हणजे ऐकलं हे कळतं.

"दोन पन्नास!"

"दोन पन्नास."

"मघापेक्षा बोटभर कमी, बाबा!"

विबेने आकडा वहीत लिहिला.

निन्के एकोणीस वर्षांची. उद्या सोमवारी सकाळी नऊ वाजता तिला मेडिकल कॉलेजात हजर व्हायचं होतं, याच गावात, त्या पुलापलीकडे. पहिल्या दिवशी जो येत नाही त्याची जागा पुढच्याला जाते, असं त्यांनी दोनदा कळवलं होतं. शनिवारी दुपारी गावच्या धक्क्याला लागायचं, निन्केने उतरायचं, तिच्या जागी नवा खलाशी चढायचा, असं सगळं ठरलेलं. आज सकाळी त्या खलाशाचा फोन आला. रुतलेल्या जहाजावर मी काय करू, म्हणाला. त्याला दुसरं काम मिळालं होतं.

विबेने हे निन्केला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. "बरं," एवढंच म्हणाली. तिची बॅग जिन्याखाली भरून ठेवलेली होती. गेल्या वर्षी ती शाळेची परीक्षा पास झाली तेव्हा हीच बॅग रिन्स्केने, पोर पास झाल्याचं सगळ्यांना कळावं म्हणून, रीतीप्रमाणे झेंड्याच्या काठीला टांगली होती. आजारी असताना, स्वतः वर चढून. दुपारी विबेने पाहिलं, तर बॅग जिन्याखाली नव्हती. निन्केच्या खोलीत, पलंगावर, उघडी पडली होती.

तीनला निन्के पाहुण्यांना होडीतून घेऊन आली. अलायदाच्या मांडीवर दोन खोकी. तिच्यामागे विबेचा थोरला भाऊ हारमेन. टोकाला विबेचे वडील, शूर्ड आजोबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे, गळ्यापर्यंत लाइफ जॅकेटात कोंबलेले. होडी जहाजाला लागली तसं आजोबांनी लोखंडावर दोनदा मूठ मारली आणि कान लावला.

"बसलीय," ते म्हणाले.

"ते आम्हाला कळलंय, बाबा," हारमेन म्हणाला.

"तुला कळलं असेल. मी तिला विचारतोय."

मागच्या राहत्या खोलीत विबेने खुर्च्या गोल मांडल्या होत्या. नेहमीच्या सवयीने त्याने सहा मांडल्या, मग एक उचलून बाहेर ठेवली, मग परत आणली आणि तिच्यावर कॉफीचा ट्रे ठेवला.

वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करायचं असतं. हारमेन आयुष्यभर करत आला तसाच आत शिरून एकेकाचा हात हातात घेत निघाला. "अलायदा, बहिणीबद्दल अभिनंदन. निन्के, आईबद्दल अभिनंदन, पोरी. विबे, बायकोबद्दल अभि..."

तिथे त्याला कळलं. विबेचा हात त्याच्या हातातच राहिला. हारमेनचं तोंड कानापर्यंत लाल झालं.

"थँक यू," विबे म्हणाला, आणि भावाचा हात नीट हलवून सोडला.

"बरं झालं कोणीतरी म्हणालं," अलायदा म्हणाली आणि डोळे पुसून मोठं खोकं उघडू लागली. आत सारा होती. बाई पन्नाशीला पोचली की तिला ही द्यायची रीत. बेकरीत भाजलेली, मसाल्याच्या बिस्किटाची, हातभर लांब म्हातारी. "माझ्या पन्नाशीला तिने माझ्या दारात पेंढ्याची सारा बसवली होती. तोंडात सिगार घालून! शाळेची सगळी पोरं बघायला आली. मी म्हटलं होतं, थांब, तुझी पन्नाशी येऊ दे, मग बघ. आज तिची पन्नाशी. ही त्याची परतफेड."

कोणी साराला हात लावला नाही. ती मधल्या टेबलावर पडून राहिली आणि सगळ्यांनी सफरचंदाचा केक खाल्ला.

हारमेनला मघाची लाज कुठेतरी घालवायची होती. "निन्के, मग कॉलेजला फोन केलास ना? की जहाज अडकलंय म्हणून?"

"फोन कशाला?" अलायदा म्हणाली. "ती आत्ता माझ्याबरोबर येतेय. रात्री माझ्याकडे झोपेल, सकाळी सायकलवरून जाईल."

"आणि इथे? मंगळवारी ते जहाज बाजूला लागेल तेव्हा दोर कोण घेणार? विबे पुढे पण आणि मागे पण?"

"ते तुम्ही जहाजवाल्यांनी बघा. तिने वर्षभर बघितलं."

"वर्षभर काय? चार पिढ्या आम्ही ह्या नदीवर आहोत."

"तू आहेस? तू तर जहाज विकून गॅलरीत टोमॅटो लावतोस!"

तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून हारमेनने जहाज विकलं होतं. गुडघे नंतर बरे झाले. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

"मी एवढंच म्हणतोय," तो हळू आवाजात म्हणाला, "की आणखी एक वर्ष. डॉक्टर काय, पुढच्या वर्षीही होता येतं. पोरीने चार देश पाहिले या वर्षात."

"मागच्या बाजूने, काका," निन्के म्हणाली. "बाझेल, स्ट्रासबुर्ग, गेंट. सगळी शहरं मी मागच्या दारानेच पाहिली. कोळसा, भंगार आणि क्रेन."

विबेला हसू आलं. तसं आलं याचंच त्याला बरं वाटलं नाही. ती हसवत होती म्हणजे ती थांबायचं ठरवत होती. रिन्स्केही असंच करायची.

आजोबांनी कपबशी खाली ठेवली. "किती घेतलं होतंस?"

जहाज पाण्यात किती बुडेपर्यंत माल भरला, हे आजोबा विचारत होते. कालपासून हा प्रश्न येणार हे विबेला माहीत होतं.

"दोन साठ," तो म्हणाला.

"दोन मीटर साठ? ह्या पाण्यात?" हारमेन म्हणाला. "सगळे दोन चाळीसवर चाललेत! पाण्याचे आकडे रोज सांगतात, विबे!"

"कोणी सांगितलं दोन साठ?" आजोबांनी विचारलं.

विबेने तोंड उघडलं.

"मी," निन्के म्हणाली.

ट्रेवरचा चमचा घसरून पडला. तो उचलायला ती वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "मी आकडा चुकीचा वाचला. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

"बघ!" हारमेन लगेच म्हणाला, रागाने नाही, जवळजवळ आनंदाने. "म्हणजे शिकायचंय अजून पोरीला. असं अर्धवट टाकून जायचं? निदान जहाज सुटेपर्यंत तरी थांबायला नको?"

"बघ!" अलायदा त्याच क्षणी म्हणाली. "म्हणजे हे तिचं काम नव्हेच. डोकं पुस्तकात आणि हात दोरावर. अजून काय मोडायची वाट बघताय?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही एकाच खोट्याने पुरावा मिळाला होता.

विबे मात्र रॉटरडॅमच्या धक्क्यावर होता. गुरुवारी दुपारी पेंडीची धूळ उडत होती. वरून क्रेनवाल्याने विचारलं, किती? निन्के त्याच्या शेजारी उभी होती, ती म्हणाली, बाबा, दोन चाळीस. आणि तो म्हणाला, तुझी आई ऑगस्टच्या शेवटी नेहमी दोन साठ घ्यायची. निन्केने त्याच्याकडे पाहिलं. आईचं नाव आलं की ती वाद घालत नसे. त्याला ते माहीत होतं.

"माप घ्यायची वेळ झाली," तो म्हणाला. "निन्के, चल."

वर वारा होता. पुलावरून माणसं थांबून जहाजाकडे बघत होती. निन्केने काठी सोडली.

"दोन अठ्ठेचाळीस."

"खोटं का बोललीस?"

"परत म्हण, बाबा. दोन अठ्ठेचाळीस."

"दोन अठ्ठेचाळीस. का बोललीस?"

तिने काठी बाहेर काढून ओलं टोक बुटावर पुसलं. "आजोबांसमोर तुझं तोंड कसं झालं होतं ते तू पाहिलं नाहीस. आणि काय बिघडलं? चूक माझी असली की मी थांबले तर कोणाला काही वाटणार नाही. काकांना तर आवडेल. मावशी चार दिवस बोलणार नाही."

"तू थांबणारेस?"

"मग काय करू? तुला एकट्याला टाकून जाऊ? रात्री माप कोण घेणार? पाणी उतरतंय, बाबा. कॉलेजला फोन करीन. समजून घेतील."

"नाही घेणार."

"नाही घेतलं तर पुढच्या वर्षी."

तिने ते इतक्या सहज म्हटलं की विबेला स्वतःची लाज वाटली. कारण पहिल्यांदा त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. ती थांबणार. रात्री खालच्या खोलीत दिवा असेल, सकाळी दुसऱ्या कपाचा आवाज होईल. त्याने गावाकडे पाहिलं. हॉस्पिटल टेकडीपलीकडे होतं, इथून दिसत नव्हतं. रिन्स्के तिथेच गेली. निन्के शिकणार तीही तिथेच.

तो मागे वळला आणि खाली उतरला. त्याला भीती होती की जिन्यात थांबलो तर थांबूनच राहू.

खोलीत अलायदा आणि हारमेन पुन्हा जुंपले होते. आजोबा साराचा पाय तोडून खात होते.

"तिने दोन चाळीस सांगितलं होतं," विबे दारातूनच म्हणाला.

"काय?"

"निन्केने. दोन चाळीसच सांगितलं. बरोबर सांगितलं. दोन साठ मी म्हणालो. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

निन्के त्याच्यामागे जिन्यात येऊन उभी राहिली होती. "बाबा, राहू दे ना..."

"नाही. मी म्हणालो, रिन्स्के एवढंच घ्यायची. पण रिन्स्के रोज सकाळी पाणी बघायची आणि मग घ्यायची. मला ते माहीत होतं. मी बघितलं नाही."

अलायदाचे डोळे बारीक झाले. "विबे, खरं सांग. तू मुद्दाम केलंस?"

"अलायदा!" हारमेन म्हणाला. "शरम आहे का?"

"तू गप्प. मी त्याला विचारतेय."

विबेने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तीच खुर्ची, ट्रे ठेवलेली. कप किणकिणले. "मुद्दाम नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "माहीत नाही. रुतवायचं असं मनात नव्हतं. पण शनिवारी धक्क्याला लागायचं होतं आणि मला लागायचं नव्हतं. वळणावर मी पाण्यातले खुणेचे बोये बघत नव्हतो. ती पुढे उभी होती, दोर गुंडाळत. तिच्याकडे बघत होतो. एवढंच मला माहीत आहे. पुढचं मला सांगता येत नाही."

खालून लोखंड एकदा करकरलं आणि सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग ते थांबलं.

निन्के जिन्यातून खाली आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि विबेला वाटलं, आता ही मला कधी माफ करणार नाही.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "तू आणि आईने मला इथेच उतरवलंत. त्या वसतिगृहात, जहाजवाल्यांच्या पोरांच्या. दर रविवारी संध्याकाळी. आठवतं?"

"आठवतं."

"मी दर रविवारी विचारायची, तुम्ही एकटे कसं कराल? आई म्हणायची, आमचं आम्ही बघू, तू शाळेत जा. मी रात्रभर रडायची आणि सोमवारी शाळेत जायची. दर सोमवारी, बाबा." तिचा आवाज तुटला, पण तिने तो परत धरला. "आता तुझी पाळी."

विबेने मान हलवली.

आजोबांनी साराचा दुसरा पाय तोडला. "हारमेन, तुझे बूट कुठायत?"

"कसले बूट?"

"जहाजावरचे."

"घरी. कपाटात."

"तिथे काय करतायत?"

हारमेनने वडिलांकडे पाहिलं, मग भावाकडे. "मी? खलाशी म्हणून? ह्याच्या हाताखाली? मी थोरला आहे, बाबा! स्वतःचं जहाज होतं माझं, एकशे दहा मीटरचं!"

"मग तुला एवढंसं जमेलच," अलायदा म्हणाली. "टोमॅटोंना पाणी मी घालीन."

मघापर्यंत त्याच्याशी भांडत होती ती हीच बाई, हे लक्षात यायला हारमेनला क्षणभर लागलं. तो खिडकीशी गेला आणि बाहेरच्या दोरांकडे बघत उभा राहिला. वळला तेव्हा त्याचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता आणि ते लपवण्यासाठी त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"कॉफी मी करणार नाही," तो म्हणाला. "आधीच सांगतो."

"माझे बूट घे तोवर," विबे म्हणाला. "एक नंबर मोठे आहेत."

"तुझे पाय लहानपणापासून मोठे. डोकं तेवढं..." तो थांबला. "जाऊ दे. काठी कुठाय?"

सकाळी नदीवर धुकं होतं. पाणी रात्रीतून आणखी दोन बोटं उतरलं होतं. हारमेनने चारदा माप घेतलं आणि चारही वेळा, हळू बोल, पोर झोपलीय, असं विबेला दटावलं. आता तो होडीत वल्ही धरून बसला होता. किनाऱ्यावर बांधावर अलायदा उभी होती, हातात निन्केसाठी आणलेली सायकल.

निन्केने बॅग पाठीला लावली. विबेने तिच्या बॅगेचा एक पट्टा सरळ केला, तो सरळच होता.

"दर दोन तासांनी," ती म्हणाली.

"दर दोन तासांनी."

"काकांवर सोडू नकोस. ते घाईघाईत मोजतात."

"मला ऐकू येतंय हं," होडीतून हारमेन म्हणाला.

ती उतरली. होडी सुटली. विबे सुकाणूच्या खोलीत गेला नाही, कडेलाच उभा राहिला. धुक्यात ती त्याला पाठमोरी दिसत होती. मग तिने मापाची काठी उचलली. बहुतेक सवयीनेच होडीत घेतली होती. टोकाशी उभी राहून तिने ती पाण्यात सोडली.

"दोन चाळीस!"

"दोन चाळीस," विबे हळूच म्हणाला.

"ऐकू नाही आलं!"

"दोन चाळीस!"

वल्ह्यांचा आवाज दूर जात होता. "एक सत्तर!"

"एक सत्तर!"

"नव्वद!"

"नव्वद!"

"तीस!" आता आवाज बारीक झाला होता. होडी वाळूला घासली. इथपर्यंत ते ऐकू आलं, आणि त्या खरखरीने त्याचे पाय आपोआप घट्ट झाले. मग काही वेळ नुसतं धुकं होतं. विबे कठड्याला धरून वाट बघत राहिला. त्याला वाटलं, ती विसरली. विसरायलाच हवं, नऊ वाजत येतायत.

"कोरडं!" किनाऱ्यावरून हाक आली.

विबेने छातीभर हवा घेतली.

"कोरडं!" तो ओरडला, तिला नक्की ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.